डॉक्टरबाईंचं नाक

ज्या हिवाळ्यात अर्धं गाव तापाने अंथरुणाला खिळलं होतं, त्याच हिवाळ्यात रोझविटा निच्केचं नाक गेलं. म्हणजे नाक जागच्या जागीच होतं, लांब, सरळ, थंडीत टोकाशी लाल होणारं. त्याला वास येईनासा झाला. ताप उतरल्यावर तिने आंबवलेल्या कोबीची बरणी उघडली, वाकून हुंगून पाहिलं आणि झाकण हातात धरून बराच वेळ तशीच उभी राहिली. दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं, तर जेवणाला चव लागत नाही म्हणून तो चार दिवस कुरकुरला असता आणि मग विसरला असता. पण कारखान्यात रोझविटाच्या नाकाच्या भरवशावर माणसं हंड्यात उतरत होती, आणि त्या माणसांत तिचा सख्खा धाकटा भाऊ होता.

हंडा म्हणजे काय, हे आमच्या गावात शाळेतल्या पोरांनाही सांगावं लागत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो. दीड माणूस उंचीचा पोलादी हंडा, वरून एक माणूस अंग चोरून शिरेल एवढंच तोंड. त्यात पाणी भरायचं, व्हिनाईलचा वायू दाबाने कोंबायचा, आणि गरम करत तासन्‌तास घुसळायचं. वायूचे कण एकमेकांचे हात धरत लांबच लांब साखळ्या करतात. शेवटी हाती येते ती पांढरी भुकटी, आणि त्या भुकटीतून निम्म्या देशाचे नळ, रेनकोट आणि मेजावरचे मेणकापड. मात्र दुधाच्या पातेल्याला धरते तशी हंड्याच्या आतल्या भिंतीला दर खेपेला खरवड धरते, आणि ती वाळून दगड होते. ती काढायला पितळेची खरवडणी घेऊन माणसालाच आत उतरावं लागायचं. लोखंडाची चालत नसे, ठिणगी उडाली तर हंड्यासकट सगळेच आभाळात.

रोझविटा मूळची इथली नव्हे. महायुद्ध संपताना पूर्वेकडून जी माणसं हातगाड्या ओढत आली, त्यांतली. वडील आघाडीवरून परतलेच नाहीत. आई वाटेत एका स्टेशनच्या फलाटावर वारली. रोझविटा तेव्हा वीस वर्षांची, लोथार नऊचा. तिने त्याला गाडीवर बसवलं, त्याच्या मांडीवर वडिलांचा बँडोनियन ठेवला, म्हणजे तो बटणांचा, भात्याचा चौकोनी बाजा, आणि गाडी ओढत साले नदीपर्यंत आणली. वाटेत तो बाजा बटाट्याच्या पोत्याच्या बदल्यात मागणारे पुष्कळ भेटले. ती म्हणाली, "बटाटे संपतील." एवढ्यावरून बाईचा स्वभाव कळावा.

हाले शहरात विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती बाटल्या धुवायला लागली. बाटल्या धुता धुता वर्गात बसू लागली, आणि वर्गात बसता बसता डॉक्टर झाली. रसायनांची डॉक्टर. मग आमच्या कारखान्यात आली. तेव्हा कारखान्याची दशा अशी की चांगली यंत्रं विजेत्यांनी आगगाडीत घालून नेलेली, जाणते साहेब पश्चिमेला पळालेले, आणि हंडा उघडला की भुकटीऐवजी आत एकच अगडबंब गोळा. तो फोडायला आठवडा लागायचा. रोझविटाने त्या पाण्यात नाही नाही ते घालून पाहिलं. जिलेटिन घातलं, सुताराचा सरस घातला, बटाट्याचं पीठ घातलं. लोक हसायचे, म्हणायचे बाई सूप शिजवतेय. दोन वर्षांनी एका सकाळी हंडा उघडला तर आत रवा. पांढरा, मोकळा, बोटांतून सांडणारा रवा. दुसऱ्या एखाद्या देशात ही युक्ती आधी कुणाला साधली असेलही. आम्हाला सांगायला कुणी आलं नव्हतं. आमच्याकडे ती रोझविटाने शोधली, आणि तिच्यानंतरच्या सगळ्यांनी तिच्याच पायवाटेने गाडी हाकली. सरकारने पदक दिलं. ते तिने सुया-दोऱ्यांच्या डब्यात टाकलं.

नाकाची रीत पडली ती त्यानंतर. एक माणूस खरवडायला उतरला, आत हसत हसत खाली बसला आणि उठलाच नाही. त्या वायूला गोडसर वास असतो, आणि तो दारूसारखा चढतो. त्यानंतर कुणी आत जायला तयार होईना. मुकादम माट्स्के शिव्या घालून थकला. तेव्हा रोझविटा शिडी चढून आली, हंड्याच्या तोंडात डोकं घालून तिने भरपूर श्वास घेतला, म्हणाली, "वास नाही," आणि पांढऱ्या कोटासकट स्वतःच आधी उतरली. मग माणसं उतरली. दुसऱ्या दिवशी माणसं हंड्याच्या तोंडाभोवती घोळका करून उभी. कशाला थांबलात, तर डॉक्टरबाई हुंगतील तेव्हा. हंड्यात हवा मारायचा नियम होताच, दोर बांधायचा नियम होता; पण माणसांचा विश्वास बसला तो नाकावर.

"डॉक्टरबाई, तुमच्या नाकाचा विमा काढायला हवा," माट्स्के म्हणायचा.

"आधी तुझ्या जिभेचा काढ," ती म्हणायची. "ती जास्त झिजते."

आज आम्हाला ठाऊक आहे की त्या वायूचा गोड वास माणसाला जाणवतो, तोवर घात होऊन गेलेला असतो. वास येत नाही तेव्हाही हंड्यात यकृत सडवण्याइतका वायू असतो. जगातलं सगळ्यात तिखट नाकसुद्धा तिथे कामाचं नव्हतं. पण तेव्हा हे कुणालाच ठाऊक नव्हतं, रोझविटालाही नाही. म्हणून तिला दोष द्यायचा की नाही, यावर आमच्याकडे अजून भांडणं होतात.

लोथारला खरवडणाऱ्यांच्या टोळीत तिनेच लावलं. तो आधी कोळशाच्या खाणीत होता, रात्रभर खोकायचा. हंड्याच्या कामाला पगार जास्त, रजा जास्त, नव्या वसाहतीत घर लवकर, आणि पाळी संपली की अर्धा लिटर दूध फुकट. दूध विष मारतं अशी वरच्यांची समजूत होती, किंवा तसं म्हणणं त्यांच्या सोयीचं होतं. लोथार आपली बाटली शनिवारी बहिणीकडे घेऊन यायचा आणि दोघं मिळून त्याची खीर करायची. लग्न तिने केलं नाही. त्याचं झालं आणि मोडलं. रविवारी तो कामगारांच्या वाद्यवृंदात बँडोनियन वाजवायचा, आणि ती पहिल्या रांगेत हातात पर्स घट्ट धरून बसायची. ते वाजवणं ऐकताना तिचा चेहरा असा व्हायचा की शेजारची माणसं नजर वळवायची.

मग त्याची बोटं बिघडली. आधी थंडीत पांढरी पडायची, मेलेल्यासारखी. कारखान्याचा डॉक्टर म्हणाला, संधिवात. नंतर टोकं आखूड आणि जाड व्हायला लागली, जणू आतलं हाड कुणी विरघळवून टाकतंय. टोळीतल्या आणखी दोघांचीही तशीच झालेली. ते एकमेकांची बोटं मापून थट्टा करायचे, की आता हातमोजे पोरांच्या दुकानातून घ्यायचे. एका रविवारी लोथारला बटणं सापडेनात. त्याने धून मध्येच सोडली, बाजा पेटीत ठेवला आणि पेटी कपाटावर चढवली.

रोझविटा संचालकाकडे गेली. हंड्याच्या भिंतीला आतून एक लेप लावला तर खरवड धरणारच नाही, माणूस आत उतरवायला नको, असं तिचं म्हणणं होतं. लेप तिने प्रयोगशाळेत करून पाहिला होता. मोठ्या हंड्यावर करून पाहायला एक हंडा महिनाभर बंद ठेवावा लागणार होता.

"महिनाभर?" संचालक म्हणाला. "बाई, वर्षाचं उद्दिष्ट काय तुमचा लेप पुरं करणार आहे? पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षीही तो हेच म्हणाला. ताप आला तो त्याच्या पुढच्या हिवाळ्यात.

सांगायला हवं होतं. तापातून उठून ती पहिल्या दिवशी कामावर गेली, तेव्हाच शिडीखाली थांबून सांगायला हवं होतं. ती सांगणार होती. पण माणसं वाट बघत उभी होती, आणि लोथार त्यांत होता, तो म्हणाला, "आली एकदाची! चला, नाक आलं." सगळे हसले. ती वर चढली, हंड्याच्या तोंडात वाकली, श्वास घेतला. काही नाही. कोबीच्या बरणीसारखंच काही नाही. "वास नाही," ती म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं.

मग तिने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. हवा मारलेली असतेच, नाक हे नुसतं माणसांच्या धीरासाठी. ताप गेला तसा वासही परत येईल. आपण सांगितलं तर काम थांबेल, आपल्याला टेबलामागे बसवतील, आणि मग लेपाचं घोडं पुढे दामटणारं कुणी उरणार नाही. यातलं प्रत्येक कारण खरं होतं. पण त्या सगळ्यांच्या तळाशी एक भीती होती, आणि ती भीती रोझविटा स्वतःपाशी कबूल करायची: नाक गेलेल्या रोझविटाला कुणी विचारणार नाही. पदक मिळून वर्षं झाली होती. रव्याची गोष्ट नव्या पोरांना ठाऊकही नव्हती. रोज सकाळी वीस माणसं तिच्या एका श्वासासाठी थांबत होती, तेवढंच काय ते तिचं उरलं होतं.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत तिने प्लमचा मुरंबा करायला ठेवला. दरवर्षी करायची. मंद आचेवर दिवसभर आटवायचा असतो. ती शेगडीकडे पाठ करून कसलंसं मासिक वाचत बसली होती. दार उघडून लोथार आला.

"ये ये," ती हसून म्हणाली. "मुरंबा होतच आलाय."

लोथार दारातच क्षणभर थबकला. मग कोटही न काढता सरळ शेगडीपाशी गेला आणि गॅस बंद केला.

"झाला हा," तो म्हणाला. "दे, मी काढतो भांड्यातून. तू बस."

वरचा वरचा त्याने बरण्यांत भरला. भांडं मोरीत नेलं आणि त्या आखूड बोटांनी चमचा धरून बराच वेळ खरवडत बसला. रोझविटाला वाटलं, आज याला बहिणीचा भारीच कळवळा आलाय.

त्यानंतर लोथारला एक खोड लागली. हंड्यात पहिला उतरणार तो मीच, असा हट्ट तो धरू लागला. आत उतरून एकटाच थोडा वेळ थांबायचा, मग वर ओरडायचा, "ठीक आहे, या!" कधी लगेच ओरडायचा, कधी वरच्यांना कंटाळा येईपर्यंत ओरडायचाच नाही. टोळीतली माणसं चिडवायची.

"लोथारला आधी एकट्याने घोट लागतो!"

"वाटून प्यायची दानत नाही लेकाची!"

तो नुसता खरवडायला लागायचा. संध्याकाळी त्याचे डोळे तांबडे असायचे आणि पावलं जरा वाकडी पडायची. रोझविटा ओरडायची, की तू प्यायला लागलायस. तो म्हणायचा, "असेल, ताई."

अशी तीन वर्षं गेली. चौथ्या वसंतात लोथारचं पोट फुगलं आणि डोळे पिवळे झाले. हालेच्या इस्पितळात पहिला प्रश्न विचारला, किती पिता? गावानेही निकाल देऊन टाकला, लोथारने यकृत बाटलीत बुडवलं. यकृताच्या रक्तवाहिन्यांची गाठ आहे, फार क्वचित होते, असं तिथल्या डॉक्टरने रोझविटाला बाजूला घेऊन सांगितलं. "क्वचित?" ती म्हणाली. "आमच्या टोळीतला एकजण दोन वर्षांपूर्वी अशाच पिवळ्या डोळ्यांनी गेला." डॉक्टरने तिच्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि विषय बदलला.

त्या दिवशी ती लोथारच्या खाटेशी बसली. बाहेर चेस्टनटच्या झाडांना मोहोर आला होता, लोक म्हणत होते काय घमघमतोय. तिला अर्थात काही कळत नव्हतं.

"लोथार, मला तुला एक सांगायचंय."

"सांग. पण ती उशी आधी वर घे. हां. बोल."

"मला वास येत नाही. त्या तापापासून. इतकी वर्षं मी हंड्यात नुसती डोकं घालते आणि खोटं बोलते. तुला मी..."

"ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"अगं, मुरंबा जिन्याच्या पायथ्यापर्यंत जळत होता. खालच्या म्हातारीने मला थांबवून विचारलं, वर आग लागलीय का. आणि वर येऊन बघतो तर तू माझ्याकडे पाहून हसतेयस. होत आलाय म्हणे!" त्याला हसू आलं आणि हसण्याने पोटात कळ आली. तो थोडा वेळ डोळे मिटून पडला.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? तुला काढून टाकलं असतं त्यांनी. तू तिथे नसतीस तर घरी काय केलं असतंस, मेजपोस विणले असतेस?"

रोझविटाच्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसायला लागली. "म्हणून तू पहिला उतरायचास."

"कुणीतरी हुंगायला हवं होतं ना."

"आणि आत वास यायचा?"

"कधी कधी. गोड. मग मी थांबायचो, तो जाईपर्यंत. गेला की बाकीच्यांना हाक मारायचो." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाला, "रडू नकोस. मला गाडीवर बसवून तू चालत आलीस. मी कधी विचारलं, पाय दुखतात का म्हणून?"

त्याचा हात तिने हातात घेतला. बोटांची टोकं मऊ होती, आत हाड नसल्यासारखी. तो वास जात नव्हता, लोथारचं नाक त्या वासाला सरावत होतं, हे रसायनांच्या डॉक्टरला त्याच क्षणी कळलं. तिने ते त्याला सांगितलं नाही. तेवढी एकच दया तिला करता आली.

"कुणाला बोलू नकोस हां हे," लोथार म्हणाला. "आता काय उपयोग. तुझं निवृत्तिवेतन जाईल फुकट."

जूनमध्ये तो गेला. वाद्यवृंदातल्या माणसांनी थडग्यापाशी वाजवलं, आणि रोझविटा पहिल्या रांगेत पर्स घट्ट धरून उभी राहिली. कपाटावरचा बँडोनियन तिने त्यांना देऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कामावर गेली. हंडा उघडलेला होता. तोंडाभोवती टोळी उभी होती, माट्स्के घड्याळाकडे बघत होता. ती शिडी चढली. वाकली नाही. हंड्याच्या तोंडावर दोन्ही हात आडवे धरून उभी राहिली.

"मला वास येत नाही," ती म्हणाली. "पाचवं वर्ष चालू आहे. मी तुम्हाला फसवलं. माझ्याऐवजी लोथार हुंगत होता, आणि त्याचं काय झालं ते काल तुम्ही पुरलंत. कुणीही उतरू नका. आज नाही आणि उद्याही नाही."

एकाने टोपी काढली आणि परत घातली. आता ही माणसं आपल्याला शिव्या देतील, धक्का मारून शिडीवरून खाली उतरवतील, असं तिला वाटलं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं.

"डॉक्टरबाई," माट्स्के हळूच म्हणाला. त्याने तिला इतक्या मऊ आवाजात कधी हाक मारली नव्हती. "काल दफन झालंय. तुम्ही आज यायलाच नको होतं. घरी जा, झोपा."

"माट्स्के, मी शुद्धीवर आहे."

"आहात हो. पण हंडा थांबवायचा म्हणजे कधीपर्यंत? तुमचा तो लेप येईपर्यंत?"

लेपाला संचालक अजून पुढचं वर्ष दाखवत होता.

टोळीतला एक थोराड माणूस, क्रायझिग त्याचं नाव, घरी तीन पोरं आणि नव्या वसाहतीतल्या घराच्या यादीत नाव, तो पुढे झाला. लोथारची खरवडणी त्याच्या हातात होती. त्याने रोझविटाच्या खांद्याला अदबीने हात लावला, म्हातारीला फलाटावर बाजूला घेतात तसा.

"जरा सरका, डॉक्टरबाई."

आणि ती सरकली. का सरकली, हे तिने पुढे मरेपर्यंत स्वतःला विचारलं. क्रायझिग हंड्याच्या तोंडात वाकला, तिने शिकवलं होतं तसाच, डोकं पूर्ण आत घालून, सावकाश, भरपूर श्वास घेऊन. मग दोर बांधला आणि उतरला. थोड्या वेळाने खालून त्याचा आवाज घुमत आला.

"ठीक आहे, या!"